गुरुवारचं पाणी

आता सगळं सुखरूप पार पडलंय, म्हणून दिपमालाची गोष्ट हसत हसत सांगता येते. मागच्या मार्च महिन्यात कुणी तिच्यासमोर हा विषय काढला असता, तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. चहासुद्धा विचारला नसता.

जळगावच्या एका पाईप आणि ठिबक बनवणाऱ्या कंपनीत ती अकरा वर्षं सर्व्हिस इंजिनिअर होती. नाव भारदस्त, काम साधं. शेतकऱ्याचं ठिबक तुंबलं, फुटलं किंवा उंदरांनी कुरतडलं, की स्कूटी काढायची आणि केळीच्या बागेत घोटाभर चिखलात उभं राहून बिघाड शोधायचा. हे बायकांचं काम नाही, असं सांगणारे सुरुवातीला तिला पुष्कळ भेटले. पुढे तेच लोक फोन करून ‘ताई, दुसऱ्या कोणाला नका पाठवू’ म्हणायला लागले. डिप्लोमावर नोकरीला लागलेल्या या बाईने नोकरी सांभाळून, दोन बाळंतपणं उरकून डिग्रीही पदरात पाडून घेतली होती. शिक्षणाचं भूत एकदाचं मानेवरून उतरलं असं तिला वाटत होतं, तोच वयाच्या सदतिसाव्या वर्षी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं आणि सांगितलं, की आता एम.टेक. करा.

कंपनीला बंधारे आणि कालव्यांच्या कामांसाठी नवा विभाग काढायचा होता. त्याच्या प्रमुखाकडे जलसंपदा व्यवस्थापनाची पदवी असायला हवी होती, आणि बाहेरून पदवीवाला आणण्यापेक्षा चिखल तुडवलेल्या माणसाला पदवी द्यावी, असं साहेबांच्या मनात आलं. दोन वर्षं पगारी रजा, फी कंपनीची, कॉलेज धुळ्याचं. अट एकच होती, पण ती पत्रात ठळक अक्षरांत होती. दोन वर्षांत पदवी, मुदतवाढ नाही. पदवी हुकली तर विभाग दुसऱ्याकडे जाणार आणि दिपमाला परत स्कूटीवर. चिखलाशी तिचं वाकडं नव्हतं. पण तिने हाताला धरून काम शिकवलेली तीन पोरं एव्हाना तिची साहेब झाली होती, आणि चौथ्याच्या हाताखाली काम करायची तिची तयारी नव्हती. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. नवऱ्याला, नवलला, न सांगताच माहीत होतं. तो एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहे. तो एवढंच म्हणाला, की पोरांचं आणि घराचं मी नि आई बघतो, तू जा.

तर जळगावजवळच्या असोद्याची ही बाई सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने धुळ्याला जायची, हॉस्टेलवर राहायची आणि शनिवारी परत यायची. वर्गातली पोरं बाविशीची. ती तिला ताई म्हणायची, तिच्या डब्यातलं भरीत संपवायची आणि बदल्यात गणितं समजावून सांगायची. गणितांनी पहिले सहा महिने तिला रडवलं. अक्षरशः रडवलं, यात अतिशयोक्ती नाही. पण परीक्षा सुटल्या आणि राहिला प्रबंध.

प्रबंधासाठी तिने पांझरा नदीच्या काठचं एक गाव निवडलं. त्या भागात शेकडो वर्षांपासून फड चालतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला मातीचा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे तुकडे, ते फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. आपल्या शेताला आपण पाणी द्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाळीपाळीने सगळ्यांना सारखं पाणी देतो, मग ते शेत सरपंचाचं असो की त्याच्या घरी भांडी घासणारीचं. दिपमालाला मोजायचं होतं ते एवढंच, की बंधाऱ्यातून निघालेल्या पाण्यापैकी शेवटच्या शेतापर्यंत किती पोचतं आणि वाटेत किती मुरतं, गळतं.

नोव्हेंबरपासून ती दर गुरुवारी सकाळी गावात हजर व्हायची. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्याच्या वेगाने फिरणारी चक्री. पाटाच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेपटाला अशा तीन जागी ती चक्री बुडवून आकडे टिपायचे. सोबत पाटकरी नथ्थू आबा. सत्तरीला टेकलेला, काटक, बोलायला महाग माणूस. त्यांचा आजाही पाटकरीच होता. आबांची अहिराणी तिला कळायची, पण तिच्या असोद्याकडची बोली वेगळी, त्यामुळे ती आपली पुस्तकी मराठीतच बोलायची आणि आबा मान हलवायचे. काम झालं की आबांच्या घरी चहा. तो चुकला नाही एकदाही.

आकडे फार सुंदर येत होते. तोंडाशी शंभर बादल्या पाणी धरलं, तर शेपटाला अठ्ठ्याऐंशी पोचत होत्या. मातीच्या पाटात एवढं पाणी टिकतं हे पुस्तकांत कुठे नव्हतं. तिच्या मार्गदर्शक वृषाली मॅडम, ज्यांना आजवर कुणी प्रसन्न पाहिलं नव्हतं, त्यासुद्धा तक्ता बघून ‘बरं आहे’ म्हणाल्या. कंपनीतून निरोप आला, की मोठ्या साहेबांना आकडे पाहायचे आहेत. दिपमालाला आपण उगाच घाबरत होतो असं वाटायला लागलं. माणूस खुशीत असला की त्याला खोलात जायचं सुचत नाही, आणि ती तर चौदा गुरुवार खुशीत होती.

पंधराव्या गुरुवारी कॉलेजात चाचणी होती. म्हणून त्या आठवड्यात ती सोमवारीच गेली. आबांचा फोन सुनेकडे असतो, तिला कळवायचं राहून गेलं. एस.टी.तून उतरून ती पाटावर आली आणि थबकलीच. पाटात जेमतेम निम्मं पाणी. कुठे भगदाड पडलं असेल म्हणून ती काठाने चालत निघाली. दर पन्नास पावलांवर पाटात दगडमातीचे आडवे बांध घातलेले, शेताच्या तोंडाशी पाणी चढावं म्हणून. बांधांवरून पाणी काठाबाहेर सांडत होतं. खेकड्यांच्या बिळांतून बारीक धारा लागलेल्या. शेपटाला पोचली तेव्हा चक्री फिरता फिरता अडखळत होती. हे बांध तिने कधी पाहिलेच नव्हते. चौदा वेळा ती याच काठाने चालली होती.

आबा मधल्या फडात दारं धरून, शेतांत पाणी वळवत होते. तिला बघून त्यांचा चेहरा उतरला. चोरी पकडली जावी तसे ते हातातलं फावडं खाली ठेवून उभे राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर बुधवारी संध्याकाळी घराघरातलं एक माणूस पाटावर यायचं. सगळे आडवे बांध काढायचे, बिळं चिखलाने बुजवायची. ही बुजवण दोन दिवस टिकते, पुढे वाहून जाते. गुरुवारी कुठल्याच फडाला पाणी द्यायचं नाही, शेतांकडे पाणी नेणाऱ्या सगळ्या बाऱ्या बंद ठेवून सबंध पाणी शेपटापर्यंत सोडायचं. बाईचं मोजून झालं, चहा पिऊन बाई एस.टी.त बसली, की शुक्रवारी बांध परत घालायचे. सगळ्या गावाने मिळून असं ठरवलं होतं. त्यापायी दर आठवड्याला पाळी एक दिवस मागे सरकत होती आणि हरभऱ्याच्या फडाने ते मुकाट्याने सोसलं होतं.

“पाव्हना उना तं आपन घर झाडतस का नही?” आबा म्हणाले. “तसा आम्ही पाट झाडा.”

तिला एकाच वेळी संताप आला आणि भरूनही आलं. चिडावं तरी कुणावर? तिच्यासाठी अख्ख्या गावाने चौदा दिवसांचं पाणी सोडलं होतं. तिने विचारलं, की आबा, नुसता पाहुणचारच होता का?

“तू पाईपनी कंपनीनी बाई शे,” आबा म्हणाले. “तुना कागदवर पाणी कमी दखायनं, तं उद्या पाटना जागे पाईप येई. मंग फड कसाना नि पाटकरी कसाना?”

ती चहा न घेता परतली. त्या घरातला तिचा हा पहिला न घेतलेला चहा.

पुढचे तीन दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. चाचणीचा पेपर कसा लिहिला तेही तिला आठवत नाही. पाट आणखी पंधरावीस दिवसच वाहणार होता, मग गव्हाची शेवटची पाळी उरकली की बंधाऱ्यातलं पाणी संपत येतं. एप्रिलअखेर प्रबंध द्यायचा, मेअखेर पदवी. नव्याने चौदा आठवडे मोजायचे तर पुढचा हिवाळा उजाडावा लागेल, म्हणजे वर्षाची मुदतवाढ, म्हणजे पत्रातली ती ठळक अक्षरं. आणि गप्प बसलं तर? गप्प बसलं तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. आबा बोलणार नव्हते, गाव बोलणार नव्हतं. कागद सुंदर होता.

गुरुवारी तिला राहवलं नाही. चाचणी संपताच तिने नवलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग दालमिलवाल्याच्या सरळ डोक्याने विचारलं, की आकडे तू मनाने टाकलेस का? ती नाही म्हणाली. त्या दिवशी पाटात तेवढं पाणी होतं ना? होतं. मग खोटं काय आहे त्यात? दिपमालाला क्षणभर फार बरं वाटलं. खरंच खोटं काही नव्हतं. पण ते पाणी गुरुवारचं होतं आणि तक्त्याच्या वरती मथळा होता सगळ्या हंगामाचा, हे तिच्या मनातून जाईना. नवलच्याही ते लक्षात आलं असावं.

“तू झोपणार नाहीस,” तो म्हणाला. “सांगून टाक मॅडमना. मग जे होईल ते होईल. स्कूटी आहे अजून आपली.”

शुक्रवारी सकाळी ती वृषाली मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली. मॅडमनी बसा म्हटलं तेही तिने ऐकलं नाही. बुजवलेली बिळं, काढलेले बांध, बुधवारची माणसं, पाईपची भीती, सगळं भडाभडा सांगून झाल्यावर ती म्हणाली, की चौदा आठवडे मी यंत्राकडे पाहत राहिले, पाट पाहिलाच नाही. यावर मॅडम आता काय बोलणार याची तिला खात्री होती. मॅडमच्या तोंडचा अपमान विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे.

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. तो परत वाचला. मग पहिल्यांदाच दिपमालाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं पाहिलं.

“हे आकडे चुकीचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “पाट नीट राखला तर काय होतं, हे त्या लोकांनी तुम्हाला चौदा वेळा करून दाखवलंय. प्रयोग गावाने केला, फक्त तुम्हाला पत्ता नव्हता. आता पाट नीट न राखता काय होतं तेवढं मोजायचं राहिलंय. पाणी किती दिवस आहे?”

“पंधरा. फार तर सोळा.”

“मग इथे काय करताय?”

दिपमाला म्हणते, की त्या दिवशी मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण मॅडमना ते चाललं नसतं. ती नुसती हो म्हणाली आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की चार दिवसांत आपण पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला.

खरा अवघड भाग पुढेच होता. गावाला जाऊन सांगायचं होतं, की तुमचा पाहुणचार पुरे, आता तुमची गळती मला दाखवा. ती दुपारी आबांच्या ओट्यावर जाऊन बसली. फडाची पंच मंडळी जमली. तिने काहीही लपवलं नाही. आपली पदवी अडकली आहे हे सांगितलं, ती गेली तर विभाग जाईल हेही सांगितलं. कंपनी पुढे काय करेल याचा शब्द मी देऊ शकत नाही, माझ्या हातात नाही तो, हेसुद्धा सांगितलं. मी जे मोजीन ते लिहीन, आणि तुम्ही बुधवारी जे करत होता तेही लिहीन, एवढंच मी देऊ शकते. पंचांत कुजबुज झाली. एकाचं म्हणणं पडलं, की शिकलेल्या माणसाला घर उघडं करून दाखवू नये. दुसरा त्याच्याशी सहमत झाला. दिपमालाला वाटलं, संपलं.

आबा उठले.

“हाई बाई गुपचूप बशी जाती, तं तिले कोन काय म्हनतं?” ते पंचांना म्हणाले, आणि मग तिच्याकडे वळले. “तू खरं सांगी दिनं, आते आम्ही बी खरं दखाडसूत. कमी दखायनं तं कमी लिख.”

पुढचे तेरा दिवस ती रोज त्या पाटावर होती. धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने यायची, शेवटच्या आधीच्या एस.टी.ने परत. कुणी बांध काढला नाही, कुणी बीळ बुजवलं नाही. पाळी ज्या फडाची असेल त्याप्रमाणे ती खाली-वर धावत होती. आता तिने नुसती चक्री नाही बुडवली. प्रत्येक बांध मोजला, प्रत्येक बिळाखाली डबा धरला. आबाही बोलायला लागले. कुठल्या वळणावर पाट आजोबांच्या वेळेपासून पाणी पितो, कुठली माती दगा देते, हे पुस्तकात नसलेलं ज्ञान त्यांनी तिला चालता चालता दिलं, आणि तिने ते त्यांच्या नावानिशी लिहून घेतलं. गावातल्या बायकांनाही मजा वाटायला लागली. आज किती बादल्या हरवल्या, असं त्या तिला वाटेत विचारायच्या.

रोज सरासरी त्रेचाळीस हरवत होत्या. शंभरातल्या सत्तावन्नच शेतांत पोचत होत्या. गुरुवारच्या अठ्ठ्याऐंशी आणि या सत्तावन्न यांच्यामध्ये जे अंतर होतं तोच तिचा प्रबंध झाला. ते अंतर कशाने पडतं हे आता तिला बोटावर मोजून सांगता येत होतं. आडव्या बांधांच्या जागी शेताच्या तोंडाशी लहान लोखंडी झडपा, बिळांच्या पट्ट्यात तीनशे मीटर दगडी अस्तर आणि आठवड्यातून एक संध्याकाळ गावाची. बाकी पाट आहे तसा उत्तम. पाईपची गरज नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मात्र तिचा हात थांबला होता. पाईप विकणाऱ्या कंपनीच्या खर्चाने ती ते लिहीत होती. तिने ते खोडलं, परत लिहिलं आणि मग फाईल बंद करून जेवायला गेली, म्हणजे परत खोडायला नको.

मेच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर तिला पिळून काढलं आणि अखेरीस गावाची बुधवारची हकीकत पुन्हा सांगायला लावली, फक्त ऐकायची हौस म्हणून. पदवी मिळाली. मुदतीला दोन दिवस शिल्लक होते. तिने आबांच्या सुनेला फोन केला. आबा फोनवर आले, बरं झालं म्हणाले आणि लगेच फोन परत दिला.

राहिले मोठे साहेब. प्रबंधाची एक प्रत कंपनीला द्यायची होती, ती त्यांनी मागवून घेतली होती. चौथ्या दिवशी बोलावणं आलं. दिपमाला त्यांच्यासमोर बसली तेव्हा प्रत टेबलावर होती आणि तिची बरीच पानं कोपऱ्यात दुमडलेली होती. पदवी तर पदरात पडली होती, ती आता कुणी काढून घेणार नव्हतं. पण विभाग त्यांच्या हातात होता.

“पाईपची गरज नाही,” साहेबांनी वाचून दाखवलं. “दोन वर्षं आम्ही तुम्हाला शिकवलं ते हे लिहायला.”

दिपमाला म्हणाली, की हो साहेब, तिथे नाहीच आहे गरज.

“पाईप विकणारे माझ्याकडे साठ जण आहेत,” साहेब म्हणाले. “नको तिथे नको म्हणणारं कुणी नव्हतं. ते सोडा. मी काल दिवसभर दुसऱ्याच विचारात होतो. आपल्या ठिबकने इतकं पाणी वाचतं, तितकं पाणी वाचतं, असे शेतांवरचे आकडे आपण पुस्तकांत छापतो. ते घ्यायला आपली माणसं जातात, ती कळवून जातात का?”

“आदल्या दिवशी फोन करून जातो. शेतकरी घरी सापडायला हवा ना.”

“मग आपल्या फायलींत असे किती गुरुवार असतील?”

दिपमालाच्या डोळ्यांपुढे अकरा वर्षांच्या बागा आल्या. झाडून काढलेले बांध, कालच धुतलेल्या गाळण्या, नवी कोरी नळी, आणि दारात तिची वाट बघत उभा शेतकरी, घडीचा शर्ट घालून. आजवर ते सगळं तिला कौतुकाचं वाटत आलं होतं. मागच्या वर्षी हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर तिने काहीतरी सारवासारव केली असती. आता तशी गरजच वाटेना. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“बहुतेक सगळेच, साहेब,” ती म्हणाली. “आणि त्यातल्या निम्म्यांवर सही माझी आहे.”

साहेबांनी खण उघडला, विभागप्रमुखाच्या नेमणुकीचं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं, आणि पहिल्या महिन्यात कुणालाही फोन न करता कुठे कुठे जायचं त्याची यादी तिलाच करायला सांगितली.